दुतोंड्या मारुती आणि टीआरपीचं मीटर

जुलै महिना, एस. वाय. बी. ए.चा वर्ग, दुपारी सव्वाबाराचा तास. विषय 'इलेक्ट्रॉनिक माध्यमे आणि समाज'. मी फळ्यावर तारीख लिहितोय तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दुतोंड्या मारुती बुडाला! आज लवकर सोडा, पंचवटीतल्या पोरांना घरी जाता यायचं नाही."

पुरावा म्हणून मोबाइल पुढे आला. तांबूस गढूळ पाण्याचा लोंढा, मूर्तीचा पत्ता नाही, मागे माणसांचा गलका. खिडकीबाहेर कॉलेज रोडवर मात्र नुसती भुरभुर चालली होती. छत्री उघडावी की राहू द्यावी, अशी.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोदाघाटावर रामकुंडाजवळ दोन तोंडांच्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर किती आला हे नाशिककर फुटांत सांगत नाहीत. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला चढलं, असं सांगतात. गळ्यापर्यंत गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांची माल वर चढवायची धावपळ सुरू होते. त्याच्याही वर गेलं तर नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव निघतं. रेडिओ नव्हता तेव्हापासून हे मोजमाप चालत आलंय, आणि घाटावर उभ्या असलेल्या कुणालाही ते वाचता येतं.

व्हिडिओ खोटा आहे असं मी म्हटलं नाही. 'कसं तपासायचं?' एवढंच फळ्यावर लिहिलं. पंचवटीतल्या एका मुलीने मावशीला फोन लावला. मावशीचं घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान. स्पीकरवर मावशी म्हणाल्या, "अगं कसला पूर? गिऱ्हाईक नाही म्हणून वाती वळत बसलेय." दुसऱ्याने गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय ते शोधलं. ते आकडे क्युसेकमध्ये असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक सोडले तर दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी शहराकडे निघतं. त्या दिवशी विसर्ग फारसा नव्हताच. आणि तिसऱ्याने व्हिडिओ थांबवून कोपरा मोठा केला, तर कुण्या दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला. त्यावर साल होतं २०१९. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या मोठ्या पुराचा तो व्हिडिओ. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा समाजाला झालेला, मला माहीत असलेला हा एकमेव उपयोग.

तास सोडला नाही. पण अभ्यासक्रमातलं पहिलं प्रकरण, म्हणजे माध्यमांच्या व्याख्या आणि वर्गीकरण, मी त्या दिवशी बाजूला ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी सुरुवात मारुतीपासूनच करतो. कारण या विषयाचा सगळा गुंता एका साध्या फरकात बसतो. मारुती पाणी मोजतो, पण मोजल्यामुळे पाणी वाढत नाही. आपल्याला कोण बघतंय याची नदीला काही पडलेली नसते. टीव्ही, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांचं तसं नाही. तिथे जे मोजलं जातं, ते मोजल्यामुळेच बदलतं. म्हणून माध्यमाचा समाजावर काय परिणाम होतो असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारतो: हे माध्यम मोजतं काय?

व्याख्या लागतेच, म्हणून थोडक्यात. आवाज आणि चित्र विजेच्या संकेतांत बदलून दूरवर पोचवतं ते इलेक्ट्रॉनिक माध्यम. पेपर छापावा लागतो, गठ्ठे बांधावे लागतात, पहाटे गाडीतून सटाण्याला, कळवणला पोचवावे लागतात. आवाजाला आणि चित्राला गाडी लागत नाही. घटना आणि बघणारा यांच्यातला वेळ जवळजवळ उरत नाही, आणि बघणाऱ्याला वाचता यायलाच हवं असंही नाही. म्हणूनच १९७५-७६ मध्ये भारतात एक मोठा प्रयोग झाला होता. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम थेट दाखवले गेले. 'साइट' म्हणून तो ओळखला जातो. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. हे कळलं की मुलं थोडी हिरमुसतात.

पुढचा इतिहास मी 'पैसे कोण देतो' या अंगाने सांगतो. आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत लागला तेव्हा हिशोब सरळ होता: खिडकीवर तिकीट, तिकिटाचे पैसे, मग आत प्रवेश. बघणारा हाच गिऱ्हाईक. रेडिओचं नियमित प्रसारण मुंबईत १९२७ मध्ये सुरू झालं आणि घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना काढावा लागे. वर्गातल्या मुलांच्या आजोबांनी पोस्टात जाऊन ती फी भरलेली आहे. एका मुलीने तर घरातलं जुनं परवाना-पुस्तक आणून दाखवलं, आतल्या पानांवर तिकिटं डकवलेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. हिशोब बदलला तो इथे. जाहिरात आली की गिऱ्हाईक जाहिरातदार होतो. बघणारा मग कोण? लासलगावच्या लिलावात भाव कांद्याचा ठरतो, पण तो कांद्याला विचारून ठरत नाही. तसंच.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, केबल आली, आणि प्रश्न उभा राहिला की कुणाकडे किती कांदा आहे ते मोजायचं कसं. टीआरपी, म्हणजे कोणता कार्यक्रम किती जण बघतात याचा आकडा, जन्मली ती या गरजेतून.

टीआरपीबद्दल वर्गात दोन समज हमखास असतात. आपल्या डिश टीव्हीच्या डब्यातून आपण काय बघतो ते आपोआप कळतं, हा एक. जास्त लोक बघतात म्हणजे टीआरपी जास्त, इतकं ते सरळ आहे, हा दुसरा. खरी पद्धत अशी आहे. 'बार्क' ही संस्था देशभरातली काही घरं निवडते आणि तिथे मीटर बसवते. २०२० च्या सुमारास टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी होती आणि मीटर सुमारे ४४ हजार घरांत. भागाकार करा: साधारण पावणेपाच हजार घरांमागे एक मीटर. वाहिन्यांच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखतं आणि या घरात आत्ता कोणती वाहिनी चालू आहे याची नोंद करतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण असतं. आजी टीव्हीसमोर बसली की आजीचं बटण दाबायचं, उठली की बंद करायचं. आजी हे नेमाने करते असं मानून देशाचे हजारो कोटींचे जाहिरातींचे व्यवहार ठरतात.

मग एखादा विचारतो, "सर, पावणेपाच हजार घरांमागे एक घर म्हणजे थापच की." थाप नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतोच. पातेलं नीट ढवळलेलं असेल आणि शीत कुठूनही उचललेलं असेल, तर चार शितं पुरतात. जिथे बघणारे भरपूर आहेत, अशा मोठ्या मनोरंजन वाहिनीच्या बाबतीत हे जमतं. पण ज्या वाहिनीला मुळात कमीच लोक बघतात, तिचं नशीब मोजक्याच मीटरवर टांगलेलं असतं. दहा-वीस घरं इकडची तिकडे झाली की क्रमांक बदलतो. त्यात, कोणतं शीत उचललं जाणार हे आचाऱ्याला कळलं तर? ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमक्या याच संशयावरून गुन्हा नोंदवला: मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचा आरोप. बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. तो खटला २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. कोण दोषी होतं हा आमच्या तासाचा विषय नाही. आकडा इतक्या थोड्या घरांवर उभा असला की त्याला धक्का मारायचा मोह होतो, एवढं मुलांनी टिपून घ्यावं.

आता बातम्यांच्या वाहिनीवर सहा माणसं सहा चौकटींत एकाच वेळी का ओरडत असतात, ते बघू. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर उन्हाळ्यात बायका दरीत उतरून पाणी आणतात. ही बातमी करायची तर बातमीदार, कॅमेरामन, गाडी, डिझेल आणि अख्खा दिवस लागतो. हाती येतात चार मिनिटं. सहा पाहुणे आपापल्या घरून बसवले तर तासभर भरून निघतो आणि खर्च चहापाण्याएवढा. वर भांडण चालू असलं की माणूस चॅनल बदलता बदलता थांबतो. आपणही थांबतो. गल्लीत भांडण लागलं तर गॅलरीत कोण येत नाही? ते थांबणं मोजलं जातं. सुरगाण्याची बातमी पाहून माणूस गप्प झाला, अस्वस्थ झाला, टीव्ही बंद करून पाण्याचा विचार करत बसला, तर त्याचं मोजमाप नाही. उलट टीव्ही बंद झाला म्हणून आकडा घसरतोच.

थेट प्रक्षेपणाचंही असंच. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा कमांडो कुठे उतरतायत, कोणत्या बाजूने जातायत हे वाहिन्या थेट दाखवत होत्या. कसाब प्रकरणातल्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम बदलले: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच. वर्गातली बरीच मुलं तेव्हा पाळण्यात होती. त्यांना हा इतिहास वाटतो, मला काल घडल्यासारखा वाटतो.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग मात्र कांद्याचा आहे.

माध्यमांच्या अभ्यासात 'विषयपत्रिका ठरवणे' नावाची एक कल्पना आहे. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल या गावात मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी मत न ठरलेल्या शंभर मतदारांना विचारलं की देशापुढचे मोठे प्रश्न कोणते. त्यांची उत्तरं आणि बातम्यांत ज्या विषयांना जास्त जागा मिळाली होती ती यादी, या दोन्हींत विलक्षण साम्य निघालं. म्हणजे माध्यम तुमचं मत बदलेल न बदलेल, पण मत कशावर बनवायचं ते मात्र बऱ्याचदा तेच ठरवतं. पुस्तकात हे दीड पानात आहे. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

म्हणून एका वर्षी मी वर्गाला कांद्याच्या बातम्यांचे मथळे जमवायला सांगितलं. टीव्हीवरचे, मोबाइलवरचे, मिळतील ते. आठवड्याने फळा भरला. 'कांद्याने आणले डोळ्यांत पाणी', 'कांदा पुन्हा रडवणार', 'कांद्याचा वांधा', 'गृहिणींचे बजेट कोलमडले'. निफाडची एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, यातले सगळे डोळे घेणाऱ्याचेच आहेत."

वर्ग शांत झाला. भाव वाढला की कांदा रडवतो. भाव पडला, क्विंटलला गाडीभाडंसुद्धा निघेना झालं, साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा सडायला लागला, तर मथळ्यात कुणी रडत नाही. तेव्हा बातमी 'कांदा उत्पादक आक्रमक' अशी होते, तीही महामार्ग अडवला तरच. अर्ध्या वर्गाच्या घरी कांदा पिकतो, पण ती मुलंही बोलताना 'कांदा महागला' असंच म्हणत होती. आपल्याच बापाच्या मालाबद्दल. चॅपल हिलच्या दीड पानांचा अर्थ त्या दिवशी सगळ्यांना कळला, मला धरून. यात कुणाचं कारस्थान आहे असं मला वाटत नाही. टूथपेस्ट आणि स्कूटर विकणाऱ्याला शहरातलं गिऱ्हाईक हवं असतं, मोजमाप त्या गिऱ्हाइकाकडे झुकतं, आणि मथळा आपसूक त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो.

त्याच कांद्याची दुसरी बाजूही आहे. चांदवडच्या एका मुलाने सांगितलं की त्याचे वडील सकाळी लासलगाव, पिंपळगाव, मनमाड, तिन्हीकडचा भाव मोबाइलवर बघतात आणि मगच ट्रॅक्टर कुठे वळवायचा ते ठरवतात. आजोबांच्या काळी बैलगाडी निघाली की निघाली, मिळेल तो भाव. यावर केरळातला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आल्यावर काय झालं ते पाहिलं. आधी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर ती कमी पडे. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच चौकशी करायला लागले, ठिकठिकाणचे भाव जवळ आले, मासळी वाया जाणं जवळजवळ थांबलं. कोळ्यांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि मासळी घेणाऱ्यालाही ती चार टक्क्यांनी स्वस्त पडली.

हे ऐकून वर्ग खूश. पण त्याच मुलाने हात वर केला. "सर, आमच्याकडे उलटंही होतं. लासलगावला भाव चढल्याचा मेसेज ग्रुपवर पडला की दुसऱ्या दिवशी सगळे तिकडेच गाड्या नेतात. आवक दुप्पट होते आणि भाव खाली." मासळीला थांबता येत नाही, कांदा चाळीत थांबतो. म्हणून भावाची बातमी कांदेवाल्याला दुसऱ्या तऱ्हेने हलवते. पुस्तकातलं उदाहरण उचलून आपल्या तालुक्यावर तसंच्या तसं ठेवता येत नाही, हे मला त्या मुलाने शिकवलं. तेव्हापासून मी केरळ सांगितलं की लगेच चांदवड सांगतो.

टीव्ही म्हणजे वाईटच, असं ठरवून आलेली मुलं दरवर्षी असतात. विशेषतः घरातल्या मालिकांवर ती तुटून पडतात: सासू-सून, कटकारस्थानं, भरजरी साड्या नेसून झोपणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी मी एक अभ्यास राखून ठेवलाय. याच जेन्सन यांनी एमिली ऑस्टर यांच्यासोबत २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या घरांशी २००१ ते २००३ या काळात पुन्हा पुन्हा बोलून त्यांनी पाहिलं, की गावात केबल नवीन आल्यावर काय बदलतं. नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं. मुलगाच हवा हा आग्रह सैल पडला. घरच्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढल्याचं दिसलं. तेही याच मालिकांच्या काळात.

कसं काय? ठोस उत्तर कुणाकडे नाही. माझा अंदाज असा: ज्या बाईने गावाबाहेरचं घरच पाहिलेलं नाही, तिच्यासाठी मालिकेतल्या कारस्थानापेक्षा मालिकेतली शिकलेली, नोकरी करणारी, नवऱ्याशी तोंड वर करून बोलणारी बाई ही मोठी बातमी असते. कथा आपण विसरतो, पण असंही घर असतं हे डोक्यात राहतं. पेठ तालुक्यातल्या एका मुलीने सांगितलं की तिच्या आत्याने शिवणयंत्र घ्यायचा हट्ट धरला तो मालिका बघूनच. मालिका सासू-सुनेचीच होती, फक्त तीत एक शिलाईवाली होती. आता हा एका काळातला, काही राज्यांतला अभ्यास आहे. आजच्या मोबाइलवर तो तसाच चिकटवू नये, हेही मी सांगतो.

इथवर सगळं 'मोजतं काय' या माझ्या सूत्रात छान बसलेलं असतं. मग दरवर्षी कुणीतरी व्हॉट्सॲपचं विचारतं आणि सूत्राला भोक पडतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये टीआरपी नाही, व्ह्यूजचा आकडा नाही, मेसेजच्या मध्ये जाहिरात नाही. मेसेज एकाकडून दुसऱ्याकडे कुलूपबंद जातो, मध्ये कुणी वाचू शकत नाही. तरी सगळ्यात भयंकर परिणाम आपल्या भागाने तिथलाच पाहिला आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मंगळवेढ्याकडून आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कितीतरी दिवस सगळीकडे फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात मालेगावला अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. त्यांच्यात एक लहान मूलही होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओची गोष्ट मी नेहमी सांगतो. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, असं त्यात दिसतं. तो मुळात कराचीतला, पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून तयार केलेला. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि जागरूकतेचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचे तेवढे क्षण कापले. नवीन काहीच चित्रित केलं नाही, आवाज घातला नाही, फक्त शेपूट छाटलं. तेवढ्याने सावध राहा म्हणून सांगणारी गोष्ट माणसं मारायला निघाली.

खोटी गोष्ट इतकी का धावते? ट्विटरपुरता याचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टींचा प्रवास त्यांनी तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहा पट वेळ लागला. हे यंत्रं म्हणजे बॉट करत असतील असं आधी अनेकांना वाटत होतं. बॉट वगळून पाहिलं तरी फरक तसाच राहिला. धावत होती ती माणसंच, कारण खोट्यात नवल जास्त असतं. खरी बातमी बहुतेक वेळा 'पाणी पावलांनाही लागलेलं नाही' अशी रटाळ असते.

तेव्हा सूत्राचं भोक कसं बुजवायचं? माझं उत्तर अर्धवट आहे, तरी सांगतो. व्हॉट्सॲपवर मीटर दिसत नाही, पण ग्रुपवर पहिल्यांदा कुणी सांगितलं याची नोंद ग्रुपमधला प्रत्येकजण मनात ठेवत असतो. 'बरं झालं काका सांगितलंत' हा तिथला टीआरपी. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये खूपदा फिरलेला मेसेज एकावेळी एकाच ठिकाणी. त्यातला मजकूर कुणी वाचला नाही, कापला नाही. फक्त रस्त्यात गतिरोधक घातला. मजकुराला हात न लावता परिणाम बदलायचा प्रयत्न कसा असतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

अल्गोरिदमवर मी फार वेळ घालवत नाही, कारण शब्दाचाच बाऊ जास्त आहे. कोपऱ्यावरचा मिसळवाला तुम्ही बसलात की न विचारता तर्री जास्त घालतो, कारण मागच्या वेळी तुम्ही दोनदा मागितली होती. अल्गोरिदम एवढंच करतो, पण कोट्यवधी लोकांसाठी आणि क्षणाक्षणाला. प्रश्न पुन्हा तोच, की तो मोजतो काय. यूट्यूब आधी किती जणांनी व्हिडिओ उघडला ते मोजायचं. म्हणून बाहेरचं चित्र एक आणि आत भलतंच, अशा व्हिडिओंचा सुळसुळाट होता. २०१२ मध्ये त्यांनी किती वेळ बघितला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. मग दोन मिनिटांची माहिती अकरा मिनिटांत सांगायची आणि मुद्द्याचं शेवटी ठेवायचं, ही शैली फोफावली. माणसं तीच, कॅमेरे तेच. माप बदललं आणि बोलण्याची लांबी बदलली. मुलांना मी जोडीजोडीने एकच शब्द आपापल्या फोनवर शोधायला लावतो. 'द्राक्ष' असा शोध घेतला तर दिंडोरीच्या मुलाला द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची फवारणी येते आणि शहरातल्या मुलीला वाइन टूर. दोघं एकमेकांच्या फोनकडे अशी बघतात, जणू दुसऱ्याच जिल्ह्यात राहतात.

आता सिंहस्थ तोंडावर आला आहे. २०१५ च्या सिंहस्थात स्मार्टफोन होते, पण इंटरनेट महाग होतं. २०१६ मध्ये ते स्वस्त झालं. म्हणजे खिशात थेट प्रक्षेपण घेऊन येणाऱ्या लाखो माणसांचा हा नाशिकचा पहिलाच सिंहस्थ. घाटावर चेंगराचेंगरी झाल्याचा एखादा जुना व्हिडिओ ऐन पर्वणीच्या सकाळी फिरला तर काय होईल, आणि गर्दीतला माणूस मावशीला फोन करू शकेल का, यावर या वर्षीचा गटप्रकल्प आहे. उत्तरं अजून आलेली नाहीत.

मागच्या आठवड्यात खरोखर पाऊस झाला, धरणातून पाणी सोडलं. दुपारी त्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर तो मागच्या बाकावरचा मुलगा उगवला. व्हिडिओ त्याने स्वतः घाटावर उभं राहून काढला होता, सुरुवातीला तारीख-वेळ मोठ्याने म्हटली होती, आणि होळकर पूलसुद्धा चौकटीत घेतला होता. पाणी मारुतीच्या गुडघ्याला. मी शाबासकी दिली.

संध्याकाळी त्याचा वेगळा मेसेज आला, "सर, तो मी इन्स्टालाही टाकलाय. आत्तापर्यंत एकोणीस व्ह्यू. त्यातले चार माझेच."